ट्रेस न दिसणारा सीआरओ: आधी मीटर तपासा, मग सप्लाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉलिटेक्निकच्या भंगार लिलावातून २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनलचा जुना सीआरओ (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) घेतला. चालू केला की पुढचा दिवा लागतो, पण पडद्यावर ट्रेस, म्हणजे उजेडाची रेघ, येत नाही. अधूनमधून पडद्याच्या वरच्या कडेला एक रेघ चमकते आणि निघून जाते. हाताशी साधा डिजिटल मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदमच बदलून टाकावेत का, आणि हे काम घरी जमेल का?

जमेल. कपॅसिटर मात्र सरसकट बदलू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती वर चमकून जाणारी रेघ. ती एकदा जरी दिसली तरी बरंच काही कळतं. पिक्चर ट्यूबचा हीटर तापतोय, ट्यूब जिवंत आहे आणि तिला लागणारं दीड-दोन हजार व्होल्टचं हाय टेन्शन तयार होतंय. शिवाय ठिपका न दिसता आडवी रेघ दिसतेय, म्हणजे टाइमबेस, किरणाला डावीकडून उजवीकडे फिरवणारा भाग, तोही चालतोय. सीआरओतले सगळ्यात महाग आणि बाजारात न मिळणारे भाग तुमच्याकडे शाबूत आहेत. दोष उरतो तो उभ्या दिशेच्या अँप्लिफायरमध्ये, किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या सप्लायमध्ये. गेली तीस वर्षं मी कॉलेजांच्या प्रयोगशाळांतली उपकरणं दुरुस्त करतोय. अशी लक्षणं असली की दहापैकी सात-आठ वेळा दोष सप्लायमध्ये किंवा एखाद्या ढिल्या जोडात सापडतो.

पण सीआरओचं झाकण काढण्याआधी मल्टिमीटर तपासा. पुढचा प्रत्येक निर्णय तुम्ही त्याच्या आकड्यावर घेणार आहात. स्वस्त मीटर बहुतेक ७१०६ जातीच्या आयसीवर चालतात. त्यांची ९ व्होल्टची बॅटरी फार उतरली की आतला संदर्भ व्होल्टेज घसरतो आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. म्हणजे बरोबर असलेले १२ व्होल्ट १३ किंवा १४ दिसतात. मग माणूस भाबडेपणाने सप्लायचा प्रीसेट (आतला जुळणीचा स्क्रू) फिरवून ते '१२ वर आणतो' आणि चांगलं उपकरण बिघडवतो. शिकाऊ असताना माझ्या हातून हे झालंय. दोन दिवस मी नसलेला दोष शोधत होतो. तेव्हा आधी नवी बॅटरी घाला.

दुसरी चाचणी एसी रेंजची. मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या टोकांना ९ व्होल्टची बॅटरी लावा, मग टोकं उलटी करून पुन्हा लावा. दोन्ही वेळा शून्याजवळ आकडा यायला हवा. एका बाजूने १८-२० दिसत असेल, तर तुमचा मीटर एसी मोजताना डीसी अडवत नाही. अशा मीटरने रिपल, म्हणजे डीसीत मिसळलेला एसीचा अंश, मोजायचा असेल तर लाल टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर एकसरीत लावा. आणि करंटच्या रेंजचा फ्यूज एकदा डोळ्यांनी बघा. तिथे कोणी तारेचा तुकडा बसवला असेल तर तो काढून योग्य फ्यूज घाला आणि मगच पुढे चला.

मीटरचे आकडे हलत असतील तर बहुधा रेंज स्विचवर काजळी बसलेली असते. मीटर उघडून त्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका, सोन्याचा थर अगदी पातळ असतो आणि तो गेला की स्विच कायमचा जातो. पडद्यावरचे काही आकडे अर्धवट दिसत असतील तर काच आणि बोर्ड यांच्यामधली रबरी पट्टी तशीच पुसून पुन्हा घट्ट बसवा.

आता सीआरओकडे वळू. तरीही झाकण काढायच्या आधी बाहेरची बटणं नीट लावून घ्या. ट्रिगर 'ऑटो'वर ठेवा. 'नॉर्मल'वर सिग्नल नसेल तर निरोगी सीआरओवरही रेघ येत नाही, आणि एवढ्याच कारणाने भंगारात निघालेली यंत्रं मी पाहिली आहेत. एक्स-वाय बटण बाहेर हवं. इनपुट 'ग्राउंड'वर, दोन्ही पोझिशन नॉब मधोमध, इंटेन्सिटी अर्ध्याच्या थोडी पुढे. 'बीम फाइंड' बटण असेल तर दाबून बघा. ते हरवलेला किरण ओढून पडद्यावर आणतं, आणि तो कोणत्या कडेला अडकलाय तेवढ्यावरून दोषाची दिशा कळते.

सुरक्षेबद्दल इथे जरा थांबून सांगतो, कारण घरी काम करताना शेजारी अनुभवी माणूस नसतो. ट्यूबच्या मागच्या सॉकेटवर उणे दीड ते दोन हजार व्होल्ट असतात आणि यंत्र बंद केल्यावरही ते काही काळ टिकतात. तुमचा मीटर हा भाग मोजण्यासाठी नाही, तेव्हा तिथे टोक लावू नका. पिन काढल्यावर दहा मिनिटं थांबा. नंतर १ मेगओहमचे, १ वॅटचे पाच रेझिस्टर एकसरीत जोडून त्यावर जाड स्लीव्ह चढवा. एक टोक क्लिपने चॅसिसला आणि दुसरं इन्सुलेटेड काडीने हाय टेन्शनच्या कपॅसिटरला काही सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय लावून घेऊ नका. त्या झटक्याने डायोड जातात आणि हातही दचकून कुठेतरी आपटतो. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, चालू यंत्रात एकच हात घाला, आणि घरात दुसरं कोणी तरी असू द्या. ट्यूबची मान काचेची आणि नाजूक असते. यंत्र उलटं करताना तिच्यावर जोर पडला तर ट्यूब फुटेल आणि दुरुस्ती तिथेच संपेल.

अर्थिंगसुद्धा बघा. ज्या सॉकेटवर काम करणार तिथे फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट हवेत. जुन्या घरांत अर्थचं भोक नुसतं नावाला असतं. काही प्रयोगशाळांत मेन्सचा वेव्हफॉर्म बघण्यासाठी सीआरओच्या कॉर्डची अर्थ पिनच कापलेली असते. तुमच्या कॉर्डची तशी असेल तर कॉर्ड आजच बदला. तसं ठेवून प्रोबची (सिग्नल आत घ्यायच्या वायरची) क्लिप मेन्सला लागली तर अख्ख्या यंत्राचा पत्रा फेजवर येतो.

पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब एकसरीत लावा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. मात्र व्होल्टेज मोजायच्या वेळी बल्ब काढून टाका. त्याच्यामुळे मेन्स कमी मिळतो आणि रेग्युलेटरचे (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचे) आकडे खोटे येतात.

आता खरं काम. अशा सीआरओत साधारणपणे अधिक ५, अधिक १२, उणे १२ आणि अँप्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यासाठी शे-दीडशे व्होल्टची एक रेल, म्हणजे पुरवठ्याची ओळ, असते. नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा बोर्डावरच छापलेले सापडतील. मॅन्युअल मिळवायला एक संध्याकाळ गेली तरी चालेल. त्या काळातल्या मॅन्युअलमध्ये कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट आणि कसा आकार दिसायला हवा हे सर्किटवरच लिहिलेलं असतं. आजच्या यंत्रांसोबत तसं काही येत नाही. काळं टोक चॅसिसला क्लिपने पक्कं लावा आणि लाल टोकाने एकेक रेल डीसीवर मोजून वहीत लिहा. मग त्याच बिंदूंवर एसी व्होल्ट मोजा. रेग्युलेटरनंतरच्या रेलवर काही मिलिव्होल्टच्या वर एसी दिसला, तर तिथला फिल्टर किंवा रेग्युलेटर कमजोर आहे. एखादी रेल खाली बसलेली असेल तर दोन शक्यता: एक तर रेग्युलेटर देत नाही, नाही तर पुढचं कोणी ओढतंय. यंत्र बंद करून त्या रेलचा कनेक्टर सोडा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज वर आलं तर ओढणारा पुढे आहे. बोर्डावर मण्यासारखे टँटलम कपॅसिटर असतील तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या, ते शॉर्ट होऊनच जातात.

तुमच्यासारखीच लक्षणं असलेला एक सीआरओ मागे कोकणातल्या एका कॉलेजातून माझ्याकडे आला होता. रेघ वरच्या बाजूला पळायची, यंत्रावर थाप मारली की क्षणभर मध्ये यायची. आधी कोणीतरी त्यातले सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलले होते, त्यातला एक उलटा बसवला होता आणि जुन्या बोर्डाचे दोन पॅड (सोल्डर बसायच्या तांब्याच्या टिकल्या) उपटून जंपर टाकले होते. दोष मात्र तसाच. मी उणे १२ ची रेल मोजली तेव्हा आकडा उणे ११.९ वरून उणे ३ वर उडी मारायचा आणि परत यायचा. मीटर तिथेच ठेवून आइस्क्रीमच्या लाकडी काडीने बोर्डावर हलकेच टकटक करत गेलो. ७९१२ रेग्युलेटरपाशी आल्यावर आकडा नाचायला लागला. बोर्ड उलटा करून बाजूने टॉर्च मारला आणि भिंगातून बघितलं, तर रेग्युलेटरच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी बारीक गोल चीर होती. समोरून उजेड टाकला की ती दिसत नाही, तिरक्या उजेडातच दिसते. हीटसिंकचा भार पायांवर येतो, यंत्र रोज तापतं आणि थंड होतं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी सोल्डर तडकतं.

हे सापडल्यावर त्यावर नुसतं नवं सोल्डर थापू नका. जुनं पूर्ण काढा, पाय घासून चकचकीत करा, फ्लक्स लावा आणि मग नवं सोल्डर भरा. आसपासच्या सगळ्या जड भागांचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोठे रेझिस्टर, कनेक्टर यांचे जोडही त्याच बैठकीत ताजे करा.

रेग्युलेटरच बदलायची वेळ आली तर एक खबरदारी घ्या. ७८१२ आणि ७९१२ दिसायला सारखे, पण पाय वेगळे. ७८१२ मध्ये पहिला पाय इनपुट, मधला ग्राउंड, तिसरा आउटपुट. ७९१२ मध्ये पहिला ग्राउंड, मधला इनपुट, तिसरा आउटपुट. त्यामुळे ७९१२ चा धातूचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो आणि त्याच्या व हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाची चकती व स्क्रूवर प्लास्टिकचा वॉशर लागतोच. बसवल्यावर वीज देण्याआधी पत्रा आणि हीटसिंक यांच्यात मीटरने सातत्य तपासा. आवाज आला तर चकती फाटली आहे.

सगळ्या रेल नीट असूनही रेघ वरच पळत असेल, तर दोष उभ्या अँप्लिफायरमध्ये आहे. तो शोधायची एक सुंदर रीत आहे. हा अँप्लिफायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडीने चालतो: दोन सारख्या बाजू, आणि त्यांच्यातला फरक म्हणजे तुमचा सिग्नल. दोन्ही बाजू समान केल्या की फरक शून्य होतो आणि रेघ मध्ये यायलाच हवी. यंत्र बंद करून शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरची आउटपुट टोकं क्लिपच्या तारेने एकमेकांना जोडा. हे बोर्डावर करा, ट्यूबच्या सॉकेटवर नाही, कारण तिथे शेजारच्याच पिनांवर हाय टेन्शन असतं. यंत्र चालू करा. रेघ मध्ये आली? मग ट्यूब निर्दोष. आता बंद करून तीच तार एक टप्पा मागे, म्हणजे त्या ट्रान्झिस्टरच्या दोन बेसमध्ये (इनपुट टोकांमध्ये) लावा. तरीही मध्ये असेल तर शेवटचा टप्पा चांगला, आणखी मागे जा. तार ज्या जागी आणल्यावर रेघ पुन्हा पळते, ती जागा आणि तारेची आधीची जागा यांच्या मध्ये दोष कोंडला गेला. तिथले दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि चार-सहा रेझिस्टर डाव्या बाजूचे उजव्या बाजूशी ताडून बघा. एका बाजूचा आकडा वेगळा निघेल. निरोगी जुळा भाग शेजारीच असल्यामुळे इथे मॅन्युअल नसलं तरी निभावतं.

दुसरा चॅनल निवडून बघायलाही विसरू नका. चॅनल दोनवर रेघ जागेवर असेल तर दोष चॅनल एकच्या सुरुवातीच्या भागात आहे, आणि इनपुटला कोणीतरी जास्त व्होल्टेज लावल्यामुळे पहिला फेट (इनपुटचा एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेला असण्याचा संभव मोठा. कॉलेजच्या यंत्रांत हे नेहमीचंच आहे.

कपॅसिटरबद्दल आता सांगतो. एकदम पंचवीस-तीस काढले की पॅड उपटतात, एखादा उलटा बसतो, आणि मूळ दोष होता कुठे याचा मागही पुसला जातो. वरच्या कोकणातल्या यंत्रात मला मूळ दोषापेक्षा त्या दुरुस्तीचेच घाव निस्तरायला जास्त वेळ लागला. मोजून जो दोषी ठरेल तोच बदला. याला अपवाद म्हणजे डोकं फुगलेले, बुडाशी ओल आलेले, आणि मेन्सच्या तोंडाशी बसलेले जुने कागदी फिल्टर कपॅसिटर ज्यांच्या पारदर्शक आवरणाला चिरा पडल्या आहेत. ते धूर काढूनच जातात, तेव्हा आधीच बदला आणि जागी एक्स-टू दर्जाचाच, म्हणजे मेन्ससाठी बनवलेला सुरक्षित प्रकारचा घाला, साधा नको. इलेक्ट्रोलिटिक १०५ अंश तापमान सोसणारे घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी, दुकानातून आणल्यावर बसवण्याआधी मोजा. मोठ्या नावाच्या छापाखाली नकली माल विकला जातो, आणि वजनाला संशयास्पद हलका कपॅसिटर मी सरळ परत करतो.

यंत्र उघडलंच आहे तर स्विचही साफ करा. नुसता स्प्रे मारू नका. जाड पत्रिकेच्या कागदाची बारीक पट्टी कापा, अल्कोहोलमध्ये बुडवा, अटेन्युएटरच्या (व्होल्ट प्रति घर निवडायच्या स्विचच्या) मिटलेल्या कॉन्टॅक्टमध्ये सरकवा आणि हळूच ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटते. नवी पट्टी कोरी निघेपर्यंत करा. गंज काढायचे घरगुती तेलकट स्प्रे इथे नकोत, त्यांचा थर मागे राहतो आणि धूळ धरतो. हाय टेन्शनच्या भागातली धूळ मऊ ब्रशने काढा. पावसाळ्यात त्याच धुळीला ओल सुटली की बारीक चरचर ऐकू येते आणि रेघेची चमक कमी-जास्त होते. आत मेलेली पाल किंवा मुंग्यांचं वारूळ सापडलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पण त्याखालचा बोर्ड मात्र नीट धुऊन वाळवा. तिथे गळती सुरू झालेली असते.

रेघ मध्ये आली म्हणून काम झालं असं मी मानत नाही. रेडिओ वाजला की दुरुस्त झाला, पण मोजमापाचं यंत्र खरं सांगतंय की नाही हे बघावंच लागतं. सीआरओवरच्या कॅलिब्रेशनच्या चौकोनी लहरीने प्रोब जुळवा, पण त्याच यंत्रातून निघालेली लहर त्याच यंत्राचा साक्षीदार होऊ शकत नाही. बाहेरचा पुरावा हवा. व्होल्टसाठी नवा दीड व्होल्टचा सेल मीटरने मोजा, डीसी कपलिंगवर ०.५ व्होल्ट प्रति घर ठेवून जोडा, रेघ तीन घरांच्या किंचित वर सरकेल. वेळेसाठी ६-०-६ च्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट ५ मिलिसेकंद प्रति घरावर बघा, एक आवर्तन बरोबर चार घरांत बसायला हवं. आपल्या ग्रिडची ५० हर्ट्झ वारंवारता असल्या सीआरओच्या ३ टक्के अचूकतेपेक्षा कितीतरी पक्की असते. वेगवान रेंजसाठी ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि त्याची वारंवारता भागणारा ७४एचसी४०६० आयसी ५ व्होल्टवर जोडा. त्याचं सोळाने भागलेलं आउटपुट २५० किलोहर्ट्झ येतं, म्हणजे १ मायक्रोसेकंद प्रति घरावर पुन्हा चार घरं. फरक पडला तरच प्रीसेटला हात लावा, आणि फिरवण्याआधी त्याची मूळ जागा बारीक पेनाने खूण करून ठेवा. कुठलाही प्रीसेट रेल बरोबर आल्याशिवाय हलवायचा नाही, कारण सगळी मापं त्या रेलवरच उभी असतात.

हे सगळं कधी सोडून द्यावं? हीटरला योग्य व्होल्टेज पोचूनही तो लाल होत नसेल, किंवा हाय टेन्शनचा ट्रान्सफॉर्मर जळलेला असेल, तर ते यंत्र दुसऱ्यासाठी सुटे भाग म्हणून ठेवा. तुमच्या यंत्रात यातलं काही नाही, ती रेघच तसं सांगते.

आज संध्याकाळी एवढंच करा: मीटरची बॅटरी बदला, चारही रेल डीसी आणि एसी अशा दोन्हींवर मोजा, आणि उणे १२ च्या रेलवर टोक धरून बोर्डाला काडीने टकटक करा. ते आठ आकडे आणि टकटक करताना काय झालं ते मला लिहून पाठवा. सोबत रेग्युलेटरच्या बाजूचा, बोर्डाच्या खालून तिरक्या उजेडात काढलेला एक फोटो जोडा.